पत्ता बरोबर होता

नकाशेरावांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं. हे नाव त्यांना मेव्हण्याने बहाल केलं होतं, कारण गाडीत बसलं की हा गृहस्थ एकच वाक्य बोलायचा, नकाशा माझ्या डोक्यात आहे. आता डोक्यातला तो नकाशा कुठल्या साली छापलेला, हे विचारायची सोय नव्हती. रस्ता चुकला तरी नकाशेराव कुणाला विचारायचे नाहीत. काच खाली करून 'अहो, जरा' म्हणणं त्यांना भर चौकात उठाबशा काढण्यासारखं वाटायचं. त्यापेक्षा त्याच चौकाला तीन प्रदक्षिणा घालतील आणि वर सांगतील, की हा चौक एकदा नीट बघायचाच होता.

गंमत बघा, अशा माणसाकडे शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाची वेबसाइट सोपवलेली होती, म्हणजे लोकांना वाट दाखवायचं काम. बारा वर्षं ते ती सांभाळत होते आणि जीव ओतून सांभाळत होते, त्यात नाव ठेवायला जागा नाही. फक्त तिथे कुणी वाट चुकून नसलेल्या पानावर पोचला, की पांढऱ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटायची: 'आपण दिलेला पत्ता चुकीचा आहे. नीट तपासून पुन्हा द्यावा.' बास, एवढंच. ना मागे जायला बटण, ना कुणाचा फोन नंबर. मजकूर अर्थातच नकाशेरावांच्या हातचा.

हाच मजकूर पाच महिन्यांपूर्वी त्यांनी तोंडी वापरला आणि पोटच्या पोरीला दुखावून बसले. तिची संग्रहालयात मुलाखत होती. जुने फाटके कागद दुरुस्त करायची एकच जागा, आणि चार वर्षं ती त्या जागेकडे डोळे लावून होती. बसने जाते म्हणत होती बिचारी. नकाशेराव कसले ऐकतात, मी सोडतो म्हणाले. तिने पत्त्याचा कागद पुढे केला, तो त्यांनी न बघताच गाडीच्या पुढच्या खणात टाकला. संग्रहालय कुठे आहे हे काय त्यांना कागदाने सांगायचं? पोरगी चाळीस मिनिटं उशिरा पोचली, तोवर मुलाखती आटोपल्या होत्या आणि जागा दुसऱ्याची झाली होती. परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. त्या वेळी हे नुसते गप्प राहिले असते तरी निभावलं असतं. पण छे.

"पत्ता चुकीचा दिलास," ते म्हणाले. "नीट तपासून द्यायचा ना."

महिन्याभरात तिने दुसऱ्या गावी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. दर रविवारी आईच्या मोबाइलवर तिचा फोन यायचा. त्या दिवशी नकाशेराव सकाळपासून मोबाइलच्या आसपास कधी चष्मा, कधी पेन शोधत घुटमळायचे आणि वाजला की झडप घालायचे. पलीकडून दोनच शब्द यायचे, "आईला द्या." मग ते मोबाइल बायकोच्या हातात देऊन बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचे. कुंड्यांना रविवारी दोनदा पाणी मिळायचं. लेक आपल्याशी बोलत नाही हे त्यांना फार लागलं होतं. पण आपलं काय चुकलं, हे काही केल्या त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

अशात त्यांनी ग्रंथालयाची वेबसाइट नव्याने मांडली. सगळी पानं इकडची तिकडे गेली आणि त्यांचे पत्ते बदलले. झकास काम झालं असं त्यांचं मत होतं. पण पुस्तकाची मुदत वाढवायच्या पानाचा जुना पत्ता प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर स्टिकर लावून चिकटवलेला होता, आणि अशी पुस्तकं होती चाळीस हजार. हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तक्रारी काउंटरच्या ताईंकडे जायच्या. लोकांना पत्ता नीट टाइप करायला सांगा, असा नकाशेरावांचा ठरलेला निरोप यायचा, आणि त्यावर ताई भुवया उंचावून आपल्या कामाला लागायच्या.

एके दिवशी मात्र ताई कंटाळल्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंना त्यांनी थेट नकाशेरावांच्या टेबलाशी आणून बसवलं आणि निघून गेल्या. बाई ओशाळलेल्या. म्हणाल्या, तुमचा वेळ घेते, माझंच काहीतरी चुकत असणार, वयामुळे होतं असं. जन्मभर पोरांना नकाशे शिकवले आणि आता मला एक पान सापडत नाही. मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. स्टिकरवरचा पत्ता त्यांनी गेल्या दोन आठवड्यांत वहीत अकरा वेळा उतरवून काढला होता, एकाखाली एक, सुबक अक्षरात. प्रत्येक अक्षर स्टिकरशी ताडून वर पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती.

नकाशेरावांनी वही जवळ ओढली. एक तरी अक्षर चुकलेलं सापडावं म्हणून ते अकराच्या अकरा ओळींवरून बोट फिरवत गेले. पाचव्या ओळीपर्यंत जोरात होते, आठव्या ओळीला बोट मंदावलं. एकही चूक नव्हती. पत्ता अकरा वेळा बरोबर होता. पान त्यांनी स्वतः हलवलं होतं, आणि ही म्हातारी बाई दोन आठवडे स्वतःला दोष देत बसली होती. त्यांनी तिथल्या तिथे पुस्तकाची मुदत वाढवून दिली. बाईंनी जाताना पुन्हा एकदा माफी मागितली, आणि या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडताच खाली गाडीपाशी गेले. पुढचा खण उघडला. पाच महिन्यांपूर्वीचा तो कागद अजून तिथेच होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. लेकीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'संग्रहालय, नवीन इमारत, पाण्याच्या टाकीसमोर.' 'नवीन' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. बाबा कुठे गाडी नेणार हे पोरीला आधीच माहीत होतं. आणि बाबांनी बरोबर तिथेच नेली होती, जुन्या इमारतीच्या बंद फाटकापुढे. वाटेत ती 'इकडे नाही' म्हणाली, तेव्हा नकाशा माझ्या डोक्यात आहे म्हणून तिला उडवून लावलं होतं. नकाशेराव सुट्टी संपेपर्यंत गाडीत बसून राहिले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

पुढचे आठ दिवस त्यांनी एकेक जुना पत्ता नव्या पानाला जोडून दिला. मुदतवाढीचं पान तर पहिल्याच दिवशी जोडलं. तरी काही पानं कायमची गेलेली होती, तिथे येणाऱ्यांसाठी नवा मजकूर हवा होता. तो लिहायला त्यांना तीन दिवस लागले. एवढी वेबसाइट मांडणाऱ्या माणसाला पाच वाक्यांनी घाम फोडला. शेवटी असं जमलं: 'तुमचा पत्ता बरोबर असणार. पान आम्ही हलवलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. चूक आमची आहे, माफ करा. काय शोधत होतात ते खाली लिहा. आम्ही शोधून देऊ.' त्याखाली लिहायला एक चौकट, मागे जायचं बटण आणि ताईंचा नंबर. चौकटीत कुणी काही लिहिलं की ते थेट नकाशेरावांकडे यायचं.

मुख्य ग्रंथपालांना हे काही रुचेना. त्यांचं म्हणणं, सार्वजनिक संस्था अशी चूक-बिक कबूल करत नसते, आणि समजा एखाद्याने खरंच चुकीचा पत्ता टाकला तर?

"मग त्यालाही बरोबर म्हटलं तर काय बिघडलं?" नकाशेराव म्हणाले आणि जागचे हलेनात. त्यांचा हेकटपणा आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला.

घरी त्यांनी ते पान बायकोला मोबाइलवर दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, की हे मला कशाला दाखवताय? तिलाच फोन करून सांगा की. नकाशेराव म्हणाले, जीभ रेटत नाही गं. मग ती जरा वेळाने अगदी साळसूदपणे म्हणाली, या पानावर पोचायचं कसं तेवढं सांगा. विणकामाच्या पुस्तकांची यादी होती ना, ती काढून टाकलीय, तिचा जुना पत्ता टाक, असं त्यांनी भाबडेपणाने सांगून टाकलं. बायकोने तो पत्ता नीट उतरवून घेतला आणि लेकीला पाठवला. आपल्याला एक पुस्तक हवंय पण यादीच उघडत नाही, जरा बघतेस का, असं वर लिहिलं. स्वेटर विणणं तिने कधीच सोडून दिलं होतं, ती गोष्ट वेगळी.

दोन दिवसांनी नकाशेरावांनी सकाळी चौकटीतले निरोप उघडले. एकाला कोडी हवी होती, एकाने नुसतं 'धन्यवाद' लिहिलं होतं. तिसरा निरोप असा होता:

'विणकामाची यादी. पण ती आईचीच आयडिया दिसतेय. बाबा, 'तुमचा पत्ता बरोबर असणार' हे वाक्य मला त्या दिवशी गाडीत हवं होतं. मी खूप रडले होते. शनिवारी दुपारच्या बसने येतेय. घ्यायला येणार असाल तर बसस्टँड आता हलवलाय. डोक्यातला नकाशा घरी ठेवा आणि कुणाला तरी विचारून या.'

त्यांनी तो निरोप इतक्यांदा वाचला की ताई येऊन विचारून गेल्या, काय मोठी तक्रार आलीय का. आलीय, नकाशेराव म्हणाले, रास्त आहे.

शनिवारी बायको शेजारी बसली होती. पहिल्या चौकात नकाशेरावांनी गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि घसा खाकरला. दोन माणसं तशीच पुढे जाऊ दिली. बायको मुद्दाम समोर बघत राहिली. शेवटी एका सायकलवाल्याला त्यांनी 'अहो, जरा' म्हटलं. त्याने हसून रस्ता सांगितला, आणि आभाळ काही कोसळलं नाही. मग चटकच लागली. पुढे सरळ रस्ता दिसत असतानाही त्यांनी आणखी दोघांना विचारलं आणि बसच्या अर्धा तास आधी पोचले.

लेक बसमधून उतरली. बॅग त्यांच्या हातात देताना तिने पहिलं तेच विचारलं, "विचारलंत का कुणाला?"

"तिघांना," ते म्हणाले. मग खिशातून तो घडी घातलेला कागद काढला. "तुझा पत्ता बरोबर होता. मी बघितलाच नव्हता. माझं चुकलं."

तिने कागद घेतला, दोन रेघांकडे बघत क्षणभर उभी राहिली आणि डोळे पुसले. मग आईला मागे बसायला सांगून ती पुढच्या सीटवर येऊन बसली.

"चला," ती म्हणाली. "फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे."

घरचा रस्ता उजवीकडे होता, हे नकाशेरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी गाडी डावीकडे घेतली.