अंबाजीचा कौल

मत माणसाच्या अंतःकरणातून उमटतं, असं पक्षाच्या पुढाऱ्याने अलिबागच्या सभेत मोठ्या गांभीर्याने सांगितलं. अंबाजीने घरी येऊन अंतःकरणात डोकावून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. बायको, मनुबाई, गेल्यापासून तिथे काही नसायचंच.

तरी सदतीस सालच्या निवडणुकीत शेतसारा भरणारा म्हणून त्याला मत होतं, आणि ते द्यायचं कोणाला हा पेच होता. मिठाचा कायदा मोडून तो पक्षासाठी तुरुंगात जाऊन आला होता. पण पक्षाचा उमेदवार मुंबईचा वकील. त्याला गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. समोर नागावचे बागायतदार अण्णा, अपक्ष. मनुबाईला झटके येऊ लागले तेव्हा अण्णांनीच आपली बैलगाडी जुंपून तिला इस्पितळात नेलं होतं. पुढे तिरडीलाही खांदा दिला.

मतदानाला अंबाजी निघाला तोही अण्णांच्याच गाडीतून, डोक्यावर पक्षाची टोपी घालून.

"टोपी येकाची नि गाडी दुसऱ्याची!" शेजारी बसलेला धर्माजी हसला. "बैलांना तरी ईचारलंस का, ते कुनाचे हायत?"

"न्हाय," अंबाजी म्हणाला.

मतदान होतं त्या शाळेच्या वाटेवर अण्णा उभे होते. "अंबाजी, काही खाल्लंस की नाही?" एवढंच विचारलं. त्यांनी मत मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

आत आडोशाला दोन पेट्या; चिठ्ठी ज्याच्या पेटीत, मत त्याला. उजवीकडे पक्षाची पिवळी, डावीकडे अण्णांची लाल. अंबाजीला निवाड्याची एकच रीत ठाऊक होती. गावदेवीला कौल लावताना पाषाणावर ओलं फूल चिकटवतात. ते ज्या बाजूला पडेल तो देवीचा शब्द. देवाचं काम म्हणून शाळेच्या दारातल्या माठावर तो हात धुऊन आला होता. त्या ओल्या हातांनी त्याने मताची चिठ्ठी भिजवली, पेट्यांच्या मधोमध भिंतीला चिकटवली आणि हात जोडले. "आई, काय तो निवाडा कर."

चिठ्ठी पडेना.

"अरं अंबाजी, निजलास का रं आत?" बाहेरून धर्माजी ओरडला. "मागं रांग हाय!"

"पडू दे की जरा!"

शेवटी अधिकारी आत आला. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग अंबाजीकडे. "हे मत कोणाला?"

"त्येच ईचारतोय," अंबाजी म्हणाला.

नखाने खरवडताना चिठ्ठीचे तुकडे झाले. मत बाद.

घरी चालत येताना, आता वाईट वाटेल म्हणून अंबाजीने बरीच वाट पाहिली. वाटलं नाही.

अण्णा निवडून आले, आणि महिन्याभरात त्यांनी पक्षात प्रवेश केला.