कोरं नाव

सोल-मीने सूप ढवळले तेव्हा चमच्याला तळाशी गोमांसाचे तुकडे लागले. चांगले पाचसहा. कोरियातल्या मोकपो बंदरात वाढदिवसाच्या सकाळी समुद्री शेवाळाचे सूप घरोघरी होते, पण त्यात काय पडते यावरून घराची ऐपत कळते. प्यो कुटुंबाच्या सुपात नेहमी शिंपले पडत, कारण आई जोम-रे बाजारात लोणची-भाज्या विकायला बसे आणि शेजारची मासेवाली उरलेले शिंपले तिला देई. मांस पडले की समजावे, कुणाला तरी काहीतरी हवे आहे.

"सावकाश खा," आई म्हणाली. "आज मोठी झालीस. कायद्यानं."

जोम-रेच्या तोंडी कायदा सोल-मीने पहिल्यांदाच ऐकला. तेवढ्यात वडील ग्वांग-सिक इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि मांसाचा हिशेब लागला.

ग्वांग-सिक रात्री दारू प्यालेल्या लोकांच्या गाड्या चालवून त्यांना घरी सोडीत. बोलावणे फोनवर येई. फोन नाही तर काम नाही, आणि त्यांचा फोन आता तासाभरात मान टाकत होता. नवा हप्त्याने मिळतो, पण हप्ते देण्याआधी दुकानदार नावाची पत पाहतो. ग्वांग-सिकचे नाव त्यांच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानाबरोबर बुडाले होते. ते वाचवायला धावलेले जोम-रेचे नाव त्याच्यामागोमाग गेले. धाकटी दा-ओन अजून शाळेत. तिचे नाव पिकायला अवकाश होता. घरात वापरण्याजोगे एकच कोरे नाव उरले होते आणि ते या घडीला सूप पीत होते.

या रीतीला कुणी पाप म्हणत नाही. शेजारीपाजारी कौतुकाने सांगतात, 'पोरीनं घर सावरलं.' मुलाचेही नाव घेतात, नाही असे नाही. पण मुलाला आधी विचारतात. मुलीला सूप वाढतात.

दुकानावर 'नवा फोन फुकट' अशी कापडी पाटी फडफडत होती. आतला मेंग नावाचा तरुण फार अदबीचा. त्याने तिघांच्या हाती ताकदीच्या औषधाची छोटी बाटली दिली आणि ग्वांग-सिकना 'मालक' म्हटले. दुकान बुडाल्यापासून त्यांना असे कुणी म्हटले नव्हते. त्या एका शब्दावर त्यांनी निम्मा करार मान्य केला असावा. आधी आपलेच नाव तपासून पाहा, असा आग्रहही त्यांनी धरला. मेंगने पाहिले, आणि यंत्राचा पडदा हळूच आपल्याकडे वळवून म्हणाला, यंत्र आज जरा हट्टीपणा करतंय, मालक.

सोल-मीच्या नावाला यंत्राने हट्ट केला नाही. "असं नाव हल्ली बघायला मिळत नाही," स्थळ पसंत पडावे तसा मेंग हसला. "एक डाग नाही." जोम-रेने सूनमुख पाहिलेल्या बाईसारखी मान डोलावली.

सोल-मी हळूच म्हणाली, "बाबा, जुना फोन घेऊ या ना. बाजारामागे मिळतात. स्वस्तातलं सिम घातलं की झालं."

"घ्या की," मेंगने तिचीच बाजू घेतली. "फक्त जुन्याचे पैसे आज रोख द्यावे लागतात. नव्याला आज काहीच नाही."

ग्वांग-सिक जमिनीकडे पाहू लागले. मेंग खोटे बोलला नव्हता. असल्या धंद्यात खोटे बोलावे लागतच नाही. गरिबाला स्वस्त वस्तू परवडत नाही, कारण ती रोखीची असते. महाग परवडते, कारण ती उद्याची असते. फुकट फोन कसा, तर छत्तीस महिने सोडायचा नाही, पहिले सहा महिने सर्वांत महागडी योजना घ्यायची, विमा घ्यायचा, हप्त्यावर व्याज द्यायचे, आणि मध्येच करार मोडला तर मिळालेली सूट परत करायची. पाटीवर एवढे मावत नाही म्हणून 'फुकट' लिहितात.

एक बाबांना, एक आईला. वाढदिवस म्हणून तिसरा तिलाही.

सही करायच्या काचेवर सोल-मीचे बोट थबकले. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "हप्ते आम्हीच भरणार गं. तुझं फक्त नाव."

तिने सही केली.

पहिले काही महिने हप्ते गेलेही. मग गल्लीगल्लीत नव्या पोरांनी गिऱ्हाइके पळवली आणि ग्वांग-सिकची कंबर आखडली. हप्त्यांची हमी घेणाऱ्या कंपनीची थकबाकीची पत्रे येऊ लागली, ती सोल-मीच्या नावाने; पण घरात टपाल आधी जोम-रेच्या हाती पडे आणि ती 'पोरीच्या अभ्यासात व्यत्यय नको' म्हणून तांदळाच्या डब्यामागे ठेवी. सोल-मी मच्छीमारांच्या पतसंस्थेत कारकून होण्याची तयारी करत होती. बसून करायची नोकरी, निळा कोट, दुपारचे जेवण संस्थेचे.

मुलाखत नेमकी तिच्या पुढच्या वाढदिवसाला आली. आईने सूप केले नाही. शेवाळ बुळबुळीत, ते परीक्षेच्या दिवशी पोटात गेले की माणूस घसरतो; एवढे कोण विसरेल? तिने यश चिकटावे म्हणून चिकट साखरवडी मुलीच्या तोंडात घातली, दाराशी शेवाळाचा वाससुद्धा नको म्हणून परडी शेजारणीकडे नेऊन ठेवली. पोरीचा पाय घसरू नये म्हणून आईने जे करायचे ते सगळे केले.

सोल-मी पास झाली. शेवटी एका कागदावर तिची परवानगी घेतली. पैशाच्या गल्ल्यावर बसवायच्या माणसाची पत संस्था पाहते. दोन दिवसांनी तिथल्या बाईंनी तिला बाजूला घेतले. त्या मनाने वाईट नव्हत्या.

"तीन फोन कशाला घेतलेस गं एवढ्या वयात?" त्या म्हणाल्या. "हौस आवरायला हवी होती."

सोल-मी नोकरीवाचून घरी आली. तिने वडिलांना एवढेच विचारले की निदान बाबांचा फोन परत करून काही सुटते का. ग्वांग-सिकनी खिशातून फोन काढला. जुना होता, कोपरा फुटलेला. नवा त्यांनी केव्हाच विकून जोम-रेच्या गाळ्याचे भाडे भरले होते आणि उरलेल्यात हा घेतला होता, बाजारामागे.

"तू म्हणाली होतीस तोच," ते म्हणाले. "चांगला चालतो."



पुढे ती कागदासारखे पातळ शेवाळ पाकिटात भरण्याच्या कारखान्यात लागली. तिथे नाव विचारीत नाहीत, हात बघतात. पगारातले जमेल तेवढे ती भरी. पण व्याजाची चाल तिच्यापेक्षा लांब टांगांची. थकबाकीपायी तिचाही फोन बंद झाला. कामाच्या पाळीचा निरोप फोनवर येई, तो न मिळून दोनदा खाडा लागला आणि मुकादम म्हणाला, तिसऱ्यांदा घरीच बस.

त्याच आठवड्यात दा-ओनचा वाढदिवस आला, कायद्याने मोठी होण्याचा. सकाळी सोल-मी उठली तर आईने शेवाळ भिजत घातले होते. मूठभर सुके, भिजून परात भरलेली. शेजारी कागदात मांस होते. दाराशी ग्वांग-सिक इस्त्रीच्या शर्टात उभे.

सोल-मीने दा-ओनचे ओळखपत्र मुठीत धरले आणि दारात आडवी झाली.

"हिचं नाव नाही द्यायचं. माझं गेलं तेवढं पुरे."

कुणी ओरडले नाही. ओरडले असते तर बरे झाले असते. आई ओल्या हातांनी म्हणाली, "मग तिसरा खाडा लागू दे. गाळ्याचं भाडं कोण देईल? मी कुणासाठी मागतेय? या खेपेला फोन तुझ्यासाठी, सोल-मी."

सोल-मीची मूठ सैल झाली, ती कुणी उघडली नाही. दा-ओन सुपाच्या वाटीशी बसली होती. तिने विचारले, "ताई, तेव्हा तू नको का म्हणाली नाहीस?"

सोल-मीने तिच्या वाटीकडे पाहिले. "सुपात मांस होतं," ती म्हणाली.

दा-ओनने चमच्याने आपल्या वाटीतले तुकडे एकेक करून बाजूला काढले आणि ताईच्या वाटीत घातले. मग उठली, ताईच्या हातातून ओळखपत्र घेतले आणि वडिलांच्या मागोमाग बाहेर पडली. दुकानावरची पाटी नवी होती. मेंग तोच होता आणि मालकांना विसरला नव्हता.

सोल-मी वाटीपुढे बसून राहिली. सूप निवले, वर तेलाची साय धरली. मग तिने ते मांस खाल्ले. या घरात टाकून द्यायची रीत नव्हती.