सालबाबाचं काळं पाणी

पोलाद कारखान्याजवळच्या पावर हाउसच्या बाजारात सालबाबापुढं ही भलीमोठी रांग! समोर पितळी परात, तिच्यात कहूच्या, म्हणजे अर्जुन झाडाच्या, सालीचं तांबूस पाणी. बाबा आजाऱ्याच्या तळहाताला विभूती फासायचा, हात परातीत बुडवायचा आणि पाणी क्षणात काळंभोर! पुढच्या आजाऱ्याला परत नवं पाणी.

“कारखाने का लोहा खून में घुसा है! देखो, निकल रहा है!” बाबा गरजायचा. भट्टीवर राबणारे माना डोलवायचे. दिवसभर लोखंडाची धूळ खाणाऱ्याला हे पटायला कितीसा वेळ?

माझ्या शेजाऱ्याला, पुंडलिकला, तर पुरतं पटलं होतं. त्याच्या नऊ वर्षांच्या दुर्गाला क्षय होता. ‘सुई और छाल साथ नहीं चलती,’ म्हणून बाबानं तिची इंजेक्शनं बंद पाडली. आठ दिवस झाले होते. पोर खोकून अर्धी झाली होती आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या माझं ऐकतो कोण?

“इंजेक्शन कावून बंद केलं बे?” बायकोला आणि दुर्गाला घेऊन तो रांगेत उभा होता, तिथंच मी त्याला धरलं.

“पाणी काळं होऊन राहिलं न भाऊ! मी डोळ्यानं पाहून राहिलो.”

त्याची बायको कांता मात्र परातीकडे टक लावून होती. “जानराव भाऊजी, लोखंडी कढईत आवळा शिजवला का असाच काळा पडते.”

मी चमकलो. सालीतही आवळ्यासारखंच तुरट द्रव्य, लोखंडाशी गाठ पडली की काळं होणारं! पण परात तर पितळी. मग लोखंड आलं कुठून?

“विभूती!” मी म्हणालो.

कांतानं पिशवीतला बटाटा काढला, बाबाच्या वाटीतली विभूती त्याला चोळली आणि नव्या पाण्यात बुडवला. पाणी काळं!

“महाराज, हा बटाटा कोणत्या भट्टीवर ड्युटी करते?”

रांग खदखदून हसली. मग तिनं दुर्गाचा धुतलेला हात, विभूती न लावता, ताज्या पाण्यात बुडवला. पाणी तांबूसच राहिलं. “अपवित्र! अपवित्र!” करत बाबानं गाशा गुंडाळला.

विभूतीत हिराकस मिसळलेलं असणार, म्हणजे लोखंडाचाच क्षार. कहूची साल गुणाची असेलही. हवेनं वस्तू बिघडू न देणारी द्रव्यं तिच्यात असतात. ती जरूर तपासावीत. पण तिनं क्षयाचे जंतू मरतात, हे कुणी दाखवलंय?

“सायकल काढा,” कांता नवऱ्याला म्हणाली. “दवाखाना बंद व्हायची वेळ झाली.”

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, “किती इंजेक्शनं चुकली?” पुंडलिकनं मान खाली घालून आठ बोटं दाखवली.

बाबांनो, पाणी काळं झालं तर पाण्यात काय पडलं ते आधी विचारा. हात जोडायला मागाहूनही वेळ मिळतो, औषधाला मिळत नाही.