खाटांवर मांडलेला तांडा

विद्यापीठातल्या त्या केंद्राचं नाव लांबलचक होतं, प्रादेशिक अर्थव्यवस्था आणि उद्योग अभ्यास केंद्र. दारावरच्या पाटीत ते धड मावलं नव्हतं आणि 'केंद्र' हा शेवटचा शब्द खालच्या ओळीत एकटाच पडला होता. अंजू आडे तिथे संशोधन सहायक म्हणून लागली, तेव्हा तिच्या आईला, हंसाबाईला, ते नाव काही पाठ होईना. तांड्यावर कुणी विचारलं की ती सांगायची, "मोठ्या शाळेत हाये. लोकायले इचारते का तुमी काय करता."

तसं पाहिलं तर हे वर्णन चुकीचं नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्या गावात काय तयार होतं आणि ते कुठे जातं, याचा केंद्राने अभ्यास चालवला होता. त्या वर्षी त्याला एक निकडही होती. बाजाराच्या दिवशी आडगावांहून तालुक्याला नवी एसटी सुरू करायची होती. ज्या गावांतून खरोखर माल निघतो त्यांनाच ती मिळणार होती, आणि माल कुठून निघतो हे केंद्राने सांगायचं होतं.

कळंबपलीकडच्या टेकडीवरचा आपला तांडा त्यात असणारच, असं अंजूने धरून ठेवलं होतं. तिथून फाट्यापर्यंत डोक्यावर बोजा घेऊन उतरावं लागे. मागच्या पावसाळ्यात शेजारची लालीबाई बोज्यासकट घसरली, तेव्हापासून तिचा उजवा हात नीट वळत नव्हता.

केंद्रात भिंतभर जिल्ह्याचा नकाशा होता. माल निघणाऱ्या गावांवर निळ्या टाचण्या टोचल्या होत्या. मारेगावकडचा पियुष संगणकावर माहिती भरत असे. एका दुपारी त्याने मान वर केली.

"अंजूबाई, तुमच्या तांड्यात सारेच साधू झाले का जी? एका घरात धंदा नाही. शेळ्या पाहा, 'चार-दोन'. पुढच्या घरी 'चार-दोन'. साऱ्या तांड्यात चार-दोनच शेळ्या फिरून राह्यल्या वाटते."

अंजू हसली नाही. ते कागद तिनेच भरले होते.

केंद्राच्या प्रमुख वर्षा मॅडम उठून जवळ आल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं अधिकच लागायचं. "अंजू, जोडधंद्याच्या रकान्यात सगळीकडे 'काही नाही' आहे. अशाने तांडा वगळावा लागेल."

 चूक कुठे झाली हे अंजूला त्याच क्षणी कळलं. तांड्यात आपल्याकडे काय आहे ते तोंडाने सांगत नाहीत. शेळ्या मोजत नाहीत, कारण मोजलेलं जनावर लांडग्याला आधी दिसतं. हाताच्या कामाला धंदा म्हणत नाहीत, कारण म्हटलं की दृष्ट लागते. 'काय करता?' या प्रश्नाचं एकच सभ्य उत्तर असतं, 'काही नाही'. बाहेरच्या माणसाने हे ऐकलं असतं तर त्याला शंका तरी आली असती. अंजू घरचीच होती. तिला ते उत्तर इतकं ओळखीचं वाटलं, की तिने ते सरळ लिहून टाकलं.

"मॅडम, एकदा माझ्यासंग चला," ती म्हणाली. "तिथं हाये सगळं."

"येते. पण मला दिसलं पाहिजे, अंजू. तू सांगतेस म्हणून मला लिहिता येणार नाही."

अंजू भेटीच्या आदल्या दिवशीच घरी गेली. आई उंबऱ्याशी बसून एका पिशवीवर आरसे टाकत होती. सुई न बघता चालली होती.

"याडी, उद्या मॅडम येऊन राह्यल्या. त्यायले सांगजो, तू हे करतं मून."

"हे? हे काय काम हाये का? हाताले चाळा हाये."

"मंग लालीमावशीच्या घरचे झाडू? तेबी चाळाच?"

"तिचं तिले इचार. दुसऱ्याच्या घरचं मी काहून सांगू?"

"अव पण न सांगता एसटी कशी येईन?"

हंसाबाईने दोरा दाताने तोडला. "एसटी आली नाही तं पाय हायेत. दृष्ट लागली तं मंग काय करशीन, छोरी?"

अंजू रागाने बाहेर आली. समोर सेवालाल महाराजांच्या देवळापुढे तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, धावजी खाट टाकत होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून तिच्यावर घरातली उत्तम गोधडी अंथरत होते. गोधडीची नक्षी वर येईल अशी त्यांनी ती दोनदा फिरवून पाहिली. अंजू बघत राहिली. सोयरिकीचे पाहुणे आले की तांड्यातलं प्रत्येक घर असंच करायचं. जे ठेवणीतलं असेल ते बाहेर यायचं. त्याला कुणी मिरवणं म्हणत नसे. तोंडाने सांगणं वेगळं आणि पाहुण्यापुढे मांडणं वेगळं.

ती धावजींच्या पायाशी बसली. "बाबा, पाहुण्यायचा मान करायचा हाये. दरेक घरानं दोन खाटा मांडाव्या. घरातून जे भाईर जाते ते एका खाटेवर. भाईरून जे घरात येते ते दुसऱ्या खाटेवर. बोलायचं काहीच नाही."

धावजींनी मिशीवरून हात फिरवला. "मोजणार तं नाही ना त्या बाई?"

"नाही मोजणार."

हा शब्द तिने मॅडमना न विचारताच देऊन टाकला आणि रात्रभर तिला त्याची धास्ती वाटत राहिली.

सकाळी मॅडम आणि पियुष टेकडी चढून आले, तेव्हा पियुषची छाती भात्यासारखी चालली होती. "बाप्पा! हे लोक बोजा घेऊन उतरतात का इथून?" असं तो म्हणत होता, तेवढ्यात वळण संपलं आणि तो जागीच थांबला.

देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत खाटाच खाटा होत्या. दोन्ही अंगांना दोन ओळी आणि मधून चालायला वाट. अंजू याच तांड्यात लहानाची मोठी झाली होती. यातली प्रत्येक वस्तू तिने कधी ना कधी हाताळली होती. पण सगळं एका जागी तिने कधी पाहिलं नव्हतं. 

एकीकडे शिंदीच्या पानांचे झाडू, पळसाच्या पत्रावळींचे गठ्ठे, वाळलेली मोहफुलं, चारोळी, जात्यावर भरडलेली तुरीची डाळ, तुपाचे डबे. खाटांच्या पायांना शेळ्या बांधलेल्या, नवीन दाव्यांनी. आणि रंगांचा तो कल्लोळ, आरसे लावलेल्या पिशव्या, पट्टे, उशांचे अभ्रे, कुणाच्या लग्नासाठी शिवलेली फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी. कोवळ्या उन्हाने आरसे पेटले होते, आणि घरांच्या कुडांवर उजेडाचे ठिपके हलत होते.

समोरच्या ओळीत बाहेरून आलेलं, दोऱ्यांची रिळं, आरशांच्या पुड्या, मीठ, लोखंडी सुया, मोबाइलचे चार्जर, सोयाबीनच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या.

तांड्यातली माणसं आपापल्या खाटेमागे गप्प उभी होती. पियुषने नकळत बोट वर केलं आणि पुटपुटत खाटा मोजायला लागला. धावजींनी त्याचं बोट अलगद धरून खाली केलं.

"मोजू नको, बापू. पाह्य."

अंजूने मॅडमकडे पाहिलं. तिने शब्द दिलेला होता, आणि आकड्यांवाचून अहवाल होत नाही हे तिला त्याच मॅडमनी शिकवलं होतं. मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मोजू नका, पियुष," त्या म्हणाल्या. "कुठून आलं आणि कुठे जातं, एवढंच विचारा."

मग पियुष एकेका खाटेपाशी वाकू लागला. झाडू कळंबला आणि बाभुळगावला जायचे. डाळ यवतमाळच्या खानावळींत. शेळ्या वर्ध्याकडे. आरसे हैदराबादेहून आलेले. प्रश्न वस्तूबद्दल होता, माणसाबद्दल नव्हता, म्हणून बायका मोकळ्या झाल्या. लालीबाईने तर डाव्या हाताने झाडू फिरवूनच दाखवला. "तुमच्या हापिसात असा हाये का? नसन तं सांगा."

हंसाबाईच्या खाटेपाशी मॅडम बराच वेळ थांबल्या. पिशवीच्या काठाने पांढऱ्या कवड्या ओवल्या होत्या. समोरच्या खाटेवर तशाच कवड्यांची पुरचुंडी सोडून ठेवली होती.

"या कुठून येतात?"

"आदिलाबादचा येपारी आणते. त्याले समुद्रावरून येते म्हणते."

"आणि पिशव्या?"

"गोव्याले. माही नणंद इकते तिथं, समुद्राच्या काठावर. बाहेरदेशचे लोक घेतात म्हणे."

मॅडमनी एक कवडी उचलून तळहातावर ठेवली.  पियुषने नकाशासाठी आणलेला कागद जमिनीवर पसरला होता, त्यावर तांड्यातून निघणाऱ्या रेघा होत्या. तो हातातली पेन्सिल तशीच धरून बसला. समुद्रातून निघून, डोंगर ओलांडून, या टेकडीवरच्या एका उंबऱ्याशी आलेली कवडी इथल्या सुईतून जात होती आणि परत समुद्राकडे निघत होती.

"तुम्ही पाहिलाय समुद्र?" मॅडमनी विचारलं.

"मी कायले पाह्यते?" हंसाबाई म्हणाली. मग हळूच पुढे सरकली. "तुमी पाह्यला?"

"पाहिलाय."

"लय मोठा असते?"

मॅडमनी तळहातावरची कवडी मुठीत घेतली. "मोठा असतो," त्या म्हणाल्या. "पण तो इथपर्यंत येतो, हे मला माहीत नव्हतं."

अंजूला आईकडे बघवेना. आयुष्यभर जिला उंबऱ्याशी बसलेली पाहिलं, ती बाई एवढ्या मोठ्या फेऱ्याच्या मधोमध बसलेली होती.

 केंद्रात आल्यावर पियुषने तांड्यावर निळी टाचणी टोचली आणि तिच्यापासून दोरे काढायला घेतले. कळंबचा बसला, बाभुळगावचा बसला. गोव्याचा दोरा नकाशाच्या चौकटीबाहेर गेला, भिंतीवरून खिडकीपर्यंत पोचला. तो कुठे बांधावा ते त्याला कळेना, म्हणून त्याने तो खिडकीच्या कडीला बांधला. मॅडमनी तांड्याचं पान आकड्यांशिवायच पाठवलं. त्यावर नुसत्या रेघा होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'येथे मोजणी केलेली नाही. अधिकाऱ्यांनी एकदा स्वतः पाहावे.'

"परत पाठवतील मॅडम," अंजू म्हणाली.

"पाठवू देत. मी पुन्हा पाठवीन."

ते पान एकदा खरंच परत आलं, आणि मॅडमनी ते खरंच पुन्हा पाठवलं. मग एक अधिकारी टेकडी चढून आले. ते तांड्यात किती वेळ थांबले ते कुणी पाहिलं नाही, पण जाताना त्यांच्या हातात लालीबाईचा झाडू होता.

दिवाळीनंतरच्या एका बाजाराला, सकाळी, पायवाट रुंद करून केलेल्या कच्च्या रस्त्यावर धुरळा उडाला आणि एसटी वर आली. तांडा बोजे बांधून तयार होता, पण कुणी चढेचना. सगळे नुसते तिच्याकडे बघत उभे होते. धावजींनी पुढच्या चाकाशी नारळ फोडला.

"बसा ना आता," ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "का पाह्यतच राह्यता?"

"शेळीचं तिकीट लागन," कंडक्टरने बजावलं.

"तिले खिडकीपाशी बसव मंग," लालीबाईने सुनावलं, आणि हशा पिकला. त्या हशातच लोक चढले.

हंसाबाई पिशव्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. अंजू तिच्याशेजारी दाटीवाटीने टेकली. गाडीत मोहाचा, तुपाचा, ओल्या झाडूंचा वास दाटला होता. एसटी हळूहळू उतरू लागली. ज्या वाटेने ती जन्मभर पायी उतरली होती, ती वाट काचेपलीकडून मागे जाताना हंसाबाई बघत होती. फाट्यावर गाडी वळली आणि कळंबचा डांबरी रस्ता समोर सरळ पसरला. हंसाबाईने गाठोड्यावरचा हात उचलून काचेवर टेकवला.

"छोरी," ती हळू आवाजात म्हणाली, "हा रस्ता कुठवर जाते व?"