एका ॲम्पला तीन बल्ब

"एका वेळी एकच हत्यार लावत जा," वर्कशॉपमधले सर तिला म्हणाले होते. "दोन लावलीस की बिघाड कुणाचा, तेच कळत नाही." तिने ते या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडून दिलं. सरांना काय जातंय बोलायला, त्यांच्या घरात रांगणारं मूल थोडंच होतं.

गिटारचा आवाज मोठा करणारे ॲम्प दुरुस्त करताना भिंतीतली वीज थेट द्यायला ती घाबरायची. म्हणून तिने एका खोक्यावर जुना पिवळा बल्ब बसवला. ॲम्प त्याच्यामार्फत लावायचा; आत शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो, ॲम्प वाचतो. खोकं झकास चाललं. पण बाळ रांगायला लागलं तसं तिने दुसरं खोकं केलं. बाळ धरून उभं राहिलं, तिसरं केलं.

"चालायला लागलं की दिव्यांचं दुकानच टाकू," नवरा म्हणाला.

आज धाकट्या भावाचा पहिलाच कार्यक्रम. त्याचा ॲम्प तिने सकाळीच दुरुस्त केला, एका खोक्यातून तपासला, छान वाजला. पण जिवाला चैन पडेना. तिने तिन्ही खोकी एकामागे एक जोडली, आणि ॲम्प मुका झाला. मग रिकाम्या पेनात सुई खोचून, तिला इयरफोन जोडून, आवाज कुठे अडतो ते ऐकायची कांडी केली. दुपारभर ॲम्पच्या पोटात ती टेकवत बसली. कुठे चकार शब्द नाही.

चारला भाऊ आला. "डॉक्टरीणबाई, पेशंट आहे की गेला?"

"गप्प बस. शोधतेय."

"आणि ही दिव्यांची माळ?"

"तुझ्याच जिवासाठी आहे ती."

बाळाला कडेवर घेऊन नवरा दारातून म्हणाला, "तिन्ही खोक्यांतून वीज पलीकडे पोचते तरी का?"

पोचते हे दाखवायलाच तिने तणतणत मीटर लावला. निम्मीसुद्धा पोचत नव्हती.

दोन खोकी तिने मुकाट्याने काढली. तिसऱ्यापाशी हात अडला.

"तेही, ताई."

बाळाला पलीकडच्या खोलीत पाठवून, रबरी चपला घालून, डोळे मिटून तिने ॲम्प थेट भिंतीला लावला. भावाने तार छेडली तशी फळीवरची भांडी थरथरली.

"एक तरी खोकं ने बरोबर."

"स्टेजवर दिवे असतात, ताई," म्हणत तो पळाला.

आता तो फोन उचलत नाही. वाजवतच असणार, तिलाही कळतं. तरी तुम्ही त्या कार्यक्रमाला असाल, तर मध्यंतरात जरा पडद्यामागे डोकावा. हिरव्या शर्टातला, गिटारवाला. बरा आहे ना, एवढं बघा. ॲम्पला हात लावू नका. आणि ताईने पाठवलंय म्हणून सांगू नका.