हसण्याच्या रेघा

लेनर्ड विटकोस्कीचा नियम सोपा होता. सिनेमा बघताना हसू आलं की वहीत एक रेघ. अंधारात, वहीकडे न बघता तो पेन्सिलीनं रेघ ओढायचा, शेजारी दोन शब्द खरडायचा आणि खेळ संपल्यावर रेघा मोजून मत द्यायचा. ओहायोतल्या त्या गावच्या पेपरात त्याचं 'बघावा का?' हे सदर एकवीस वर्षं चालू होतं, आणि लोक ते कापून फ्रिजवर चिकटवत. मोठ्या शहरांतले समीक्षक ज्या वात्रट सिनेमांना नाकं मुरडत, ते हा पॉपकॉर्न खात मजेत बघायचा. "हसू खोटं बोलत नाही," असं त्याचं ठरलेलं वाक्य. माणूस वाईट नव्हता. आपल्याला सगळं कळतं असं वाटणं एवढाच त्याचा दोष, आणि तो काही लहान दोष नव्हे.

त्या शनिवारी त्याची मुलगी टेस आपणहून म्हणाली, "डॅड, आज 'चड्डी सांभाळ'ला जाऊ या."

लेनर्डला बरं वाटलं. सोळा वर्षांची पोर महिनाभर घुम्यासारखी वागत होती. खांदा दुखतो म्हणून शाळेच्या पोहण्याच्या संघातून बाहेर पडली होती, जेवताना नुसता काटा फिरवत बसायची. तिची आई नवा संसार थाटून अ‍ॅरिझोनात. पोरीला बोलतं करायचं काम याच्या एकट्याच्या गळ्यात, आणि ते त्याला जमत नव्हतं.

"ढेकर-पादऱ्या पोरांचे पिक्चर, असं कोण म्हणतं मग?"

"मीच म्हणते. तरी जाऊ या. शाळेत सगळे त्याच्यावरच बोलतायत."

"बघ हं, नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत."

दुपारच्या खेळाला सगळी शाळकरी पोरं. सिनेमात मध्येच एक प्रसंग येतो: चार टवाळ पोरं मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा लपवतात आणि अर्धी शाळा ते चित्रण टीव्हीभोवती जमून बघते. त्या गडबडीत एक जण सुपाच्या पातेल्यात बसतो. हॉल हसून हसून लोळायला लागला. मागच्या रांगेतल्या एका पोरानं जोरात शिट्टी मारली. लेनर्ड हसतच मागे वळला, त्याच्याकडे बघून त्यानं मान डोलावली आणि वहीत दोन रेघा ओढल्या.

गाडीत बसल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, "काय मग, बघावा का?"

टेसनं हात पुढे केला. त्यानं वही दिली.

"'लपवलेला कॅमेरा'," तिनं वाचलं. "दोन रेघा."

"अगं, तो सुपात बसतो ना!"

"आणि त्या मुलीचं पुढे काय होतं?"

"कुठल्या मुलीचं?"

"जिला सगळे बघतात तिचं, डॅड."

लेनर्डनं आठवून पाहिलं. ती पुढे सिनेमात आलीच नव्हती, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. "सिनेमा आहे गं तो, त्यात काय एवढं..." म्हणता म्हणता त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती वही दोन्ही हातांनी छातीशी धरून बसली होती.

"टेस, तुझा खांदा खरंच दुखतोय का?"

"नाही."

"कपडे बदलायच्या खोलीत कोणी..."

"हो." तिनं काचेबाहेर बघितलं. "मी ठरवलं होतं, तू त्या सीनला हसला नाहीस तर सांगायचं. म्हणून तर आणलं तुला."

"कोण आहेत ते? नावं सांग मला. आत्ताच्या आत्ता."

"आता नाही सांगायचं."

"'अजिबात बघू नका' असं लिहितो मी त्या पिक्चरबद्दल! चिंध्या करतो त्याच्या!"

"खोटं लिहिणार? तू हसलास ना पण. हसू खोटं बोलत नाही म्हणतोस, मग लिही की खरं."

सोमवारी तो शाळेत जायला निघाला, तर टेस दारात आडवी आली. तू खरं लिहिण्याआधी तिथे गेलास तर मी कोणालाच काही सांगणार नाही, म्हणाली. त्याला राग आला, स्वतःची लाज त्याहून जास्त वाटली, आणि तो मुकाट्यानं परत फिरला. तीन दिवस त्यानं लिहिलं आणि फाडलं. शेजारी कोण बसलं होतं ते त्यानं लिहून खोडलं. टेसचं प्रकरण ओळखायला गावाला तेवढा धागा पुरला असता.

संपादक नोरीन वाचून म्हणाली, "लेन, लोकांना बघावा का नाही एवढंच हवं असतं रे. हे काय लिहिलंयस?"

"आहे तसं छाप."

शुक्रवारी सकाळी टेसनं टेबलाशी उभ्या उभ्या पेपर उघडला. त्यात होतं: 'मी चौदा वेळा हसलो. त्यांपैकी दोनदा एका मुलीच्या विटंबनेवर हसलो. ती पुढे सिनेमात दिसत नाही, आणि मीही तिला शोधलं नाही. एकवीस वर्षं तुम्हाला काय बघावं ते सांगत आलो. या वेळी सांगायचं तोंड मला नाही.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग त्याच्या कोटाच्या खिशातून वही काढली, तेच पान उघडलं आणि त्या दोन रेघांखाली पेन्सिलीनं नावं लिहायला लागली. एक, दोन, तीन, चार. लेनर्ड कॉफीला हात न लावता तिच्याकडे बघत राहिला.

तिनं वही त्याच्यापुढे सरकवली.

"हा ट्रॉय. कॅमेरा याचाच. शनिवारी आपल्या मागच्या रांगेत होता."

"कोण?"

"शिट्टी मारणारा. तू वळून त्याच्याकडे बघून हसलास, डॅड."

लेनर्डनं वही खिशात घातली, कोट चढवला. टेसनं दप्तर उचललं आणि त्याच्याआधी जाऊन गाडीत बसली.