शून्य मजला

"तिसरा मजला आहे," दादा फोनवर म्हणाला. "लिफ्ट नाही. आई खालच्या पायरीवर बसली आहे. तुझ्या साइटवर मी तळमजलाच निवडला होता, बरं का."

महिनाअखेर घर सोडायचं होतं आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला जिना चढायची डॉक्टरांनी मनाई केली होती. भाड्याची घरं शोधायची ती साइट आमच्याच ऑफिसात बनते.

मी साइटवर साठलेला दादाचा शोध तसाच पुन्हा चालवला. तळमजला निवडलेला होता, तरी सगळे मजले आले. हा भाग लिहिणारा शेजारच्याच टेबलावर बसतो. त्याला आम्ही झटपटराव म्हणतो. मी त्याला त्याची ओळ दाखवली: मजला दिला असेल तरच मजल्याची अट लाव.

"बरोबर आहे की," तो म्हणाला. "रकाना रिकामा असेल तर अट गाळायची. तूच सांगितलं होतंस."

"रिकामा. शून्य नव्हे. तळमजला आपण शून्य म्हणून साठवतो, आणि ही ओळ शून्यालाही रिकामं समजते."

"शून्य म्हणजे काही नाहीच ना?"

"बाहेर शून्य अंश तापमान असलं, तर तापमान नसतं का?"

"तू कॉलेजात शिकवायला हवं होतंस. तक्रार एकच आहे, पुढच्या आठवड्यात बघू."

"ती तक्रार पायरीवर बसली आहे."

त्याने खुर्ची सरकवून जागा दिली. मी ओळ बदलली: मजल्याचा रकाना कोरा सोडला असेल तरच अट गाळ. पुन्हा शोधलं. एकही घर नाही.

मग त्या शोधात दादाने भरलेल्या बाकीच्या अटी उघडून पाहिल्या. त्यात 'बाल्कनी हवीच' अशी खूण होती. तळमजल्याला बाल्कनी कुठून येणार? खूण काढली, तशी दोन घरं आली.

"बाल्कनी कोणी मागितली?" मी दादाला फोन करून विचारलं.

"आईला लागते."

"मला कशाला?" मागून आईचा आवाज आला. "सिगारेट ओढायला तुला लागते." मग फोन तिच्या हातात गेला. "बाथरूमला उंबरा आहे का, ते बघ."

"तसा रकाना नाही, आई."

"बाल्कनीचा आहे, आणि उंबऱ्याचा नाही? मग मालकांना फोन लाव. आणि मजलाही तोंडी विचारून घे."

मी दोन्ही विचारलं. दोन्ही घरं तळमजल्यावरच होती. पहिल्या घराला चांगला वीतभर उंबरा होता. दुसऱ्याला नव्हता, त्याचा पत्ता दादाला पाठवला.